मामांना हॉट डॉग आवडला

हॉट डॉग मामांना आवडला, आणि तिथेच पंचाईत झाली.

माझ्या बायकोने सगळं वेगळं धरलं होतं. मामींनी कुठल्याशा मालिकेत हॉट डॉग पाहिला होता आणि ‘ते लांबडं काय असतं गं’ असं विचारलं होतं, म्हणून पुण्यातल्या एका युरोपीय थाटाच्या हॉटेलात मामा-मामींना न्यायचं. मग बिल आलं की मामा कपाळाला हात लावतील, एवढ्यात टोमॅटोचे किती क्रेट येतात त्याचा हिशेब मांडतील, आणि शहराच्या उधळपट्टीवर बोलायला तिला हक्काचा साक्षीदार मिळेल. मामांनी बिल घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “बरोबर हाये. एवढं पायजेच.”

पैसे मी दिले. जावयाची या वादातली जागा तेवढीच. पण पैसे देणाऱ्याला मध्येच तोंड घालायचा थोडा हक्क असतो, तो मी वापरणार आहे.

मामांचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. टोमॅटो, कांदा, एका तुकड्यात ऊस, दावणीला दोन गाई. मामा माळकरी नाहीत. जत्रेच्या बोकडाची वजडी आवडीने खाणारा माणूस. त्यामुळे सॉसेजचं वरचं आवरण खऱ्या आतड्याचं आहे असं वेटरने जरा अंग चोरून सांगितलं, तेव्हा मामांना उलट हायसं वाटलं. “मंग ठीक. मला वाटलं प्लास्टिक हाये.” मेनूवर डुकराचं आणि कोंबडीचं अशी दोन्ही सॉसेजं होती. मामांनी कोणतं मागवलं ते लिहायचं नाही, या अटीवर मला हा लेख लिहायची परवानगी मिळाली आहे. मामी त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होत्या, एवढं सांगतो. वेटरला मात्र मामांनी विचारलंच, “आमच्याकडं कुत्री बिबट्या उचलतो. तुमच्याकडं पावात घालत्यात व्हय?” जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही पारावर याला हशा मिळाला असता. वेटरने तळलेला कांदा आणखी हवा का, असं विचारलं.

खाणं चांगलं होतं, हे आधी मान्य करून टाकतो. लाकडी पाटीवर वीतभर लांब सॉसेज, लोण्यात भाजलेला मऊ पाव, शेजारी आंबवलेला कोबी आणि भरड वाटलेली मोहरी. सॉसेजला दात लागला की आधी टच्च असा आवाज होतो आणि मग आतला रस जिभेवर येतो. दुसऱ्या एका सॉसेजच्या पोटात चीजचे बारीक तुकडे होते; ही व्हिएन्नाकडची तऱ्हा. चावा घेताना अंगरख्यावर चिळकांडी उडते. मामांच्या सदऱ्यावर उडालीच. “जातिवंत काम हाये,” ते डाग पुसत म्हणाले.

बायको जेवताना गप्प होती. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर चाकणच्या कोंडीत गाडी अडकली आणि तिचा बांध फुटला.

“मामा, तुम्हाला त्यांनी गंडवलं. हे मूळचं कामगारांचं, गरिबांचं खाणं आहे. न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी, कोनी आयलंडला, १९१६ साली नेथन हँडवर्कर नावाच्या पोलंडहून आलेल्या माणसाने पाच सेंटला हॉट डॉग विकायला सुरुवात केली. शेजारचा मोठा हॉटेलवाला दहा सेंट घेत होता. यानं निम्म्यात दिला म्हणून लोकांची झुंबड उडाली. आणि व्हिएन्नात तर सॉसेजच्या टपऱ्या चौकाचौकात आहेत. ऑपेरा बघून आलेली श्रीमंत माणसं आणि रात्रपाळीचे टॅक्सीवाले एकाच फळीवर कोपर टेकून उभ्याने खातात. २०२४ साली ऑस्ट्रियाने त्या टपऱ्यांची नोंद देशाच्या सांस्कृतिक वारशात केली. वारसा कशाचा? तर एकत्र उभं राहण्याचा. आपल्याकडे तेच खाणं काचेच्या दारामागे नेलं, दाराशी गणवेशातला माणूस उभा केला आणि पाचशे रुपये लावले. म्हणजे त्यातला जीव काढून घेतला आणि कातडं विकायला ठेवलं.”

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्यो पाच सेंटवाला, त्याचं पुढं काय झालं?”

“खूप मोठा झाला. त्याच्या नावाची कंपनी अजून आहे.”

“आनि त्याला कांदा, मोहरी पुरवणाऱ्याचं?”

“ते कसं कळणार?”

“कळायचं नाय. त्याचं नाव कुठं लिवलेलं नसंल. शेजारी धाला इकत होता, यानं पाचाला दिला. मधले पाच कुठून काढले? कुणाला तरी कमी दिले आसतील, न्हायतर पोरांना रात्रंदिवस उभं केलं आसंल. स्वस्त म्हणलं की तुला लगेच माणुसकी दिसती पोरी. मला बाजार दिसतो.”

इथे मामांच्या बाजाराबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं म्हाताऱ्याचं हेकट बोलणं वाटेल. नारायणगावला टोमॅटोचा मोठा खुला बाजार भरतो. वीस किलोचा क्रेट, व्यापारी वरून दोन टोमॅटो उचलतो, एक दाबून बघतो आणि आकडा बोलतो. जुलै २०२३ मध्ये तो आकडा दोन हजारांच्या वर गेला होता. काही शेतकऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रांत आले, घराघरांत हेवे झाले. त्याच वर्षी उन्हाळ्यात मात्र तोडणीची मजुरी निघेना म्हणून लोकांनी माल बांधावर ओतला होता. मामांनी दोन्ही पाहिलं आहे. त्यांच्या लेखी दोन्हींत फरक एवढाच, की एकदा लॉटरी लागली आणि एकदा बुडाली.

“दोन्ही बारीला भाव मी सांगितला नव्हता,” मामा म्हणाले. “आयुष्यात मी एकदाबी सांगितला नाय. माल माझा, आकडा त्याचा. आनि काल त्या हॉटेलात बघ. कागदावर भाव छापलेला. कुणी घासाघीस केली नाय. जावईबापूंनीबी नाय. गप पाकीट काढलं. मला त्या पोरांचा हेवा वाटला. माल त्यांचा, आकडाबी त्यांचाच.”

मी मनातल्या मनात घासाघीस केली होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

खेडचा घाट ओलांडून आम्ही पेठेजवळ आलो. डावीउजवीकडे सातगाव पठार. इथला बटाटा वेफर्सच्या कंपन्यांना जातो, बियाण्यापासून खरेदीपर्यंतचे करार होतात. पुढे अवसरी फाट्याला पराग मिल्क फूड्सचा कारखाना. १९९२ साली दुधापासून सुरुवात झालेली ही कंपनी आज ‘गोवर्धन’ तूप आणि ‘गो’ चीज विकते. म्हणजे ज्या पदार्थाला आपण डोळे मिटून परदेशी म्हणतो, तो मंचरच्या वेशीवर तयार होतो. बायकोला हे दिसलं आणि तिला नवा मुद्दा सापडला.

“बघा ना. पावात कांदा, तो आपल्याकडचा. टोमॅटोचा सॉस, टोमॅटो नारायणगावचा असेल. कोबी इथलाच. बटाट्याच्या फोडी सातगाव पठारच्या असतील. चीज मंचरचं असेल. पाव पोर्तुगिजांनी आणला, पण त्यालाही चार शतकं होऊन गेली. मग यात युरोप कुठे आहे? नुसत्या नावाचे पैसे घेतात.”

“नाव नुसतं नसतं,” मामा म्हणाले.

मी इथे तोंड घातलं, कारण याबाबतीत मामांची बाजू त्यांना वाटते त्याहून भक्कम आहे. जर्मनीत न्यूरेम्बर्ग नावाचं शहर आहे. तिथलं भाजायचं सॉसेज करंगळीएवढं, सात ते नऊ सेंटिमीटरचं. ते त्या शहराच्या हद्दीतच बनलं पाहिजे, ठरलेल्या पद्धतीनेच बनलं पाहिजे, तरच त्याला ते नाव लावता येतं. २००३ पासून सगळ्या युरोपीय संघात त्याला कायद्याचं संरक्षण आहे. शेजारच्या थुरिंगिया प्रांताला तेच मिळालं. त्या प्रांताकडे तर १४०४ सालचा पुरावा आहे, आणि तो काव्यात वगैरे नाही, एका मठाच्या जमाखर्चात आहे: सॉसेजसाठी आतडी घेतली, त्याचा खर्च. एका जोगिणीने किंवा तिच्या कारकुनाने त्या दिवशी कंटाळत ती ओळ लिहिली असेल. सहाशे वर्षांनी तिच्या जिवावर अख्खा प्रांत मान वर करून फिरतो.

“मंग?” मामा बायकोकडे वळले. “मासवडीचा खर्च कुणी लिवलाय आपल्याकडं?”

“मासवडीला कागदाची गरज नाही. ती घराघरांत आहे.”

“घराघरांत हाये म्हणूनच फुकट हाये.”

बायकोने मग तिचं सगळ्यात मोठं शस्त्र काढलं. याच तालुक्यात महाळुंगे पडवळ आहे, बाबू गेनूंचं गाव. मुंबईत गिरणीत काम करणारा हा बाविशीतला पोरगा १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. डिंभ्याच्या धरणाला त्यांचं नाव आहे. “ज्या पाण्यावर तुमचा टोमॅटो पिकतो त्या पाण्याला बाबू गेनूंचं नाव,” ती म्हणाली, “आणि तुम्ही म्हणता, विदेशी नावाला एवढं पाहिजेच.”

गाडीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. मला वाटलं, मामा चिडले. त्या तालुक्यात बाबू गेनूंचं नाव कोणी वादात सहजासहजी काढत नाही. पण मामा विचार करत होते.

“शाळेत दर साली आम्ही फेरी काढायचो,” ते म्हणाले. “गुरुजी काय सांगायचे? कापड वाईट व्हतं म्हणून त्यो आडवा झाला, आसं नाय सांगायचे. कापड चांगलंच व्हतं. कापूस आपला, कापड तिकडं इणलं, पैसा तिकडं गेला, आनि आपलंच आपल्याला इकलं. म्हणून आडवा झाला. त्यानं पैशाची वाट आडवली.”

“बरोबर!” बायको जवळजवळ ओरडली. “मग कालच्या पाचशेतले तुमच्या वावरात किती आले?”

मामा थांबले. “ते मातर खरं.”

“एक रुपया?”

“एकबी नसंल. दहा-वीस पैसे कांद्याचे धर.”

“मग?”

“मंग वाटणीसाठी भांड. मी येतो तुझ्या संगं. पर तू भांडतीस कशासाठी, तर भाव एवढा का. भाव खाली आला की पयला कोण मरतो ठाव हाये? हॉटेलवाला नाय मरत. त्यो कांदा दोन रुपयांनी कमी मागतो, संपलं.”

माझ्या मते वादाचा जड भाग इथे आला होता, आणि दोघंही एकाच ठिकाणी दोन रस्त्यांनी पोचली होती. पण असं सांगितलं तर दोघंही माझ्यावर उलटली असती. शिवाय बायकोच्या एका मुद्द्याला मामांनी अजून हात लावला नव्हता: एकाच फळीवर कोपर टेकून उभं राहण्याचा. तो मुद्दा घरी पोचल्यावर, ओट्यावर चहा घेताना पुन्हा निघाला.

“पाचशे रुपये लावले की अर्धं पुणं आपोआप दाराबाहेर राहतं,” बायको म्हणाली. “आपल्या जत्रेतली पंगत बघा. सगळं गाव एका रांगेत.”

मामा हसले, पण बरं वाटलं म्हणून नव्हे. “सगळं गाव? तुझ्या लहानपणी तू पुढच्या रांगेत बसलीस म्हणून तुला मागची दिसली नाय. कोण कुठं बसणार, कुणाला आधी वाढायचं, कुणाला लांबून, कुणी पत्रावळी उचलायच्या, सगळं ठरल्यालं व्हतं. काल त्या हॉटेलात मला कुणी आडनाव इचारलं नाय.”

“आडनाव नाही विचारत, कार्ड विचारतात. बाहेर राहणारी माणसं बऱ्याचदा तीच असतात.”

या दोन वाक्यांत निवडायला सांगितलं तर मी आडनाव न विचारणाऱ्या दाराकडे झुकेन, पण फार वेळ नाही. पुण्याला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. १८९० च्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशींनी शहरातल्या प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये बोलावलं. चहा आणि बिस्किटं आली. कोणी प्यायले, कोणी नुसता कप पुढे ओढून ठेवला. मग गोपाळरावांनी हजर असणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून टाकली आणि रानडे-टिळकांसकट सगळे ग्रामण्यात, म्हणजे जातीच्या बहिष्काराच्या वादात, सापडले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका बिस्किटाची त्या वेळी पुण्यात एवढी किंमत होती! आज त्याच शहरात मामा कोणतंही सॉसेज मागवू शकतात आणि किंमत फक्त रुपयांत मोजावी लागते, ही लहान गोष्ट नाही. मात्र मामांनी ‘लिहू नको’ अशी अट घातली, म्हणजे ग्रामण्य पुरतं संपलेलं नाही, हेही खरं.

आणि परदेशी माणसाचं आणि जेवणघराचं म्हणाल, तर जुन्नरने पुण्याच्या पुष्कळ आधी हे पाहिलं आहे. नाणेघाटातून समुद्राकडचा व्यापार चढत होता तेव्हा यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले लोक, या भागात वावरत होते. जुन्नरच्या लेण्यांत त्यांच्या दानांचे लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या. चिट नावाच्या यवनाने बौद्ध संघासाठी भोजनमंडप दिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका पाश्चात्त्याने जुन्नरला जेवणघर काढलं, आणि गिऱ्हाईक होते भिक्खू! बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्यानं पैसे घेतले नव्हते.” मामा म्हणाले, “नाव मातर कोरून घेतलं.”

इतका वेळ मामी चुलीपाशी होत्या. त्यांच्याबद्दलच सगळं चाललं होतं, कारण मासवडीचा विषय बायको सोडत नव्हती. आता जुन्नर तालुका २०१८ पासून सरकारने विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला आहे, शनिवार-रविवारी शिवनेरीला, लेण्याद्रीला, ओझरला गाड्यांची रीघ लागते आणि नाशिक रस्त्यावर पाटी दिसली की तिच्यावर मासवडी असतेच. बायकोला भीती अशी, की उद्या कोणीतरी मासवडीही लाकडी पाटीवर ठेवील, रश्श्याचे चार थेंब बाजूला टाकील आणि हजार रुपये घेईल.

“ती चुलीवरचीच राहिली पाहिजे,” ती म्हणाली. “तिच्यात घर आहे.”

“चुलीपुढं तू बसतीस का?” आतून आवाज आला.

ज्यांनी मासवडी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेसन, तिखट, हळद, हिंग घालून पाण्यात घोटत घोटत शिजवायचं, इतकं घट्ट की लाटणं उभं राहावं. ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर तेलाच्या हाताने थापायचं. थंड झालं की चिरा पडतात, त्यामुळे हात भाजले तरी थांबता येत नाही. त्यावर सारण पसरायचं: भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, मसाला. मग फडक्याच्याच आधाराने गुंडाळी करायची, कडा दाबून माशासारखा निमुळता आकार द्यायचा आणि वड्या कापायच्या. रस्सा वेगळा, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा, काळा आणि तर्रीदार. बाजरीच्या भाकरी वेगळ्या. दहा माणसांच्या जेवणाला दोन बायकांची सकाळ जाते. एका नळीत सारण ठासून भरण्याची ही कला न्यूरेम्बर्गच्या खाटकाच्या कलेहून हलकी आहे, असं मला कोणी पटवून द्यावं. फरक एवढाच की तिकडे नळी आतड्याची असते आणि तिने हात भाजत नाहीत.

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “मला ते पावाचं काय आवडलं नाय,” त्यांनी सांगून टाकलं. “आंबट कोबी तर नासल्यासारखा. पर खुर्ची व्हती. गरम गरम ताट पुढं आलं, आनि मधी उठून कुणाला वाढायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून सगळ्यांच्या संगं, गरम, बसून, आसं किती बारी जेवले आसंल मी?”

मामा चहाच्या कपात बघत राहिले.

“तू म्हणतीस, तिच्यात घर हाये,” मामी बायकोला म्हणाल्या. “आसंल. घरात मी हाये ना.”

बायको यावर काही बोलली नाही. पण ती हरणारी नव्हे. थोड्या वेळाने तिने नारायणगावची वाइन काढली. हा मुद्दा तिने राखून ठेवलेला होता. शाम चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला ‘शातो इंडाज’ उभी केली, फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेनवाल्यांचं तंत्र घेतलं आणि ‘ओमर खय्याम’ नावाची फेसाळ वाइन परदेशात नेली. टोमॅटोच्या आणि तमाशाच्या गावात शॅम्पेन! तिचं मोठं कौतुक झालं आणि पुढे कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी बुडाली. “उंची खाणं-पिणं इथं आणलं की असं होतं,” बायको म्हणाली. “वरचे लोक येतात, जातात, इथं गंजलेलं फाटक राहतं.”

मला त्या गोष्टीत फसगतीपेक्षा हुकलेली गाठ दिसते. लंडनमध्ये २०१२ साली ‘बबलडॉग्ज’ नावाचं हॉटेल निघालं. तिथे मिळायचे हॉट डॉग, आणि त्यांच्यासोबत शॅम्पेन. लोक रांगा लावायचे, कोणाला ते चमत्कारिक वाटलं नाही. ही जोडी जमवायला लागणारी बाटली जुन्नर तालुक्यात पंचवीस वर्षं आधी भरली जात होती. पावात घालायचं ते काही आपल्याला सुचलं नाही.

मामांचं म्हणणं अजून साधं होतं. “कंपनी बुडाली. द्राक्षं बुडाली का? बाग कशी छाटायची, औषध कवा मारायचं, गोडी कशी मोजायची, हे लोक शिकलेच ना कुठंतरी. आता काळी जंबो द्राक्षं भायेरदेशी जात्यात. फाटक गंजलं तर गंजू दे.” मग जरा थांबून, “पैसे आडकल्यावर काय वाटतं ते मला नको सांगू. ते मला म्हाईत हाये. पर भिऊन दोनशेला ताट इकत बसायचं का?”

“दोनशेत काय वाईट आहे? येणाऱ्याला परवडतं.”

“येणारा गाडीतून येतो,” मामी म्हणाल्या.

संध्याकाळ व्हायला आली होती. गाईंच्या धारा राहिल्या होत्या. निघताना बायकोला एकदम आठवलं: पुढच्या महिन्यात तिच्या ऑफिसातले लोक कुकडेश्वराला आणि नाणेघाटाला येणार आहेत, वीस-बावीस जण. हॉटेलात कशाला, मामीकडेच जेवू. खरी मासवडी खातील. तिने हे फार आनंदाने सांगितलं आणि मला वाटलं, वाद गोड झाला.

मामींनी बोटांवर हिशेब सुरू केला. तीळ, खोबरं, खसखस; खसखशीचा भाव बोलताना त्यांनी डोळे मोठे केले. बेसन घरचं नाही, विकतचं. शेजारची एक बाई मदतीला, तिचा रोज. भाकऱ्या थापायला आणखी एक. सरपण. “आनि माझी सकाळ,” त्या म्हणाल्या. “ताटाला साडेचारशे घे.”

“साडेचारशे?” बायको म्हणाली. “अगं मामी, हायवेला दोनशेत मिळते!”

“मंग हायवेवरनं ने.”

मामांना अचानक गाईंची आठवण झाली आणि ते गोठ्याकडे गेले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पाकिटाला हात लावला नाही. काल लावला होता, तेवढं पुरे. तिने चारशेचं बोलून पाहिलं. मामी ऐकून न ऐकल्यासारखं करून चहाचे कप गोळा करू लागल्या, आणि आत जाताना म्हणाल्या, “अर्धे आधी. आनि रश्श्याचे डबे मोजून परत आणायचे, मागच्या खेपेचा एक आजून तुझ्याकडं हाये.”